मला तर आधीच कळलं होतं

चारेक महिन्यांपूर्वी भाच्याला घेऊन एक क्राइम थ्रिलर बघायला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण त्यात ट्विस्ट आहे एवढं बोललो तरी अर्धा सिनेमा सांगून झाला, आणि पुढे जे लिहिणारे त्याला नाव लागतही नाही. भाचा चौदा वर्षांचा, म्हणजे मोठ्यांचं सगळं खरं मानायचं हळूहळू बंद होतं पण अजून पूर्ण बंद झालेलं नसतं असं वय. सिनेमा सुरू झाला तो नेहमीसारखाच, रात्र, पाऊस, एक प्रेत, झोप न झालेला इन्स्पेक्टर, तीन संशयित. मी जरा रेलून बसलो, म्हटलं हे आपल्या ओळखीचं आहे. मग शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत एक दार उघडतं आणि पावणेदोन तास आपण ज्याला जो समजत होतो तो तो नसतोच. बॅकग्राउंड म्युझिक तिथे मुद्दाम बंद केलंय, नुसता दाराच्या बिजागरीचा आवाज येतो. त्या शांततेत एक 'आँ!' उमटला. मोठा, बेसावध, अगदी पोटातून आलेला. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी पडद्याकडे बघत राहिलो.

बाहेर आल्यावर त्या प्रखर उजेडात डोळे बारीक करत तो म्हणाला, "मामा, तुला कळलं होतं?" आणि मी एक सेकंदसुद्धा न घालवता म्हणालो, "हो रे. अर्ध्यातच. तो हातमोज्यांचा सीन आला ना, तेव्हाच."

"अच्छा," एवढंच म्हणाला. नंतर पूर्ण रस्ताभर गप्प.

मला काही कळलं-बिळलं नव्हतं. हातमोज्यांचा अर्थ मला थिएटरच्या पायऱ्या उतरताना लागला. पण प्रश्न आला आणि उत्तर तोंडातून गेलं, असं की जणू कुणी दुसरंच आत बसून बोलतंय. आणि गंमत म्हणजे खोटं तिथे थांबलंही नाही. रात्री घरी आल्यावर मोबाईलवर त्या सिनेमाचं पान उघडलं आणि टाइप केलं, 'ट्विस्ट प्रेडिक्टेबल. सेकंड हाफ ताणलाय. पाचपैकी अडीच.' सकाळपर्यंत अकरा जणांनी लाईक केलं होतं. आता या अकरांपैकी किती जणांना खरंच आधी कळलं होतं, आणि किती जण माझ्यासारखेच पायऱ्या उतरताना हुशार झाले होते, हा विचार जो डोक्यात घुसला तो काही केल्या जाईना. शिवाय भाच्याचा चेहरा. इतक्या उत्साहाने विचारलं होतं पोराने, आणि मी त्याच्या दचकण्यातली मजाच काढून घेतली असं वाटत राहिलं.

मग पुढचे दोन दिवस मी त्या सिनेमाची मिळतील ती परीक्षणं वाचत सुटलो. आधी नुसतं आपल्या बाजूने कोण आहे ते बघायला, नंतर वेगळ्याच कारणाने. ट्विस्टवाल्या सिनेमाचं परीक्षण लिहिणं हे हात मागे बांधून पोहण्यासारखं आहे हो. ज्या गोष्टीवर सिनेमा उभा राहतो किंवा कोसळतो नेमकी तीच लिहायची नाही. म्हणजे एखाद्या इमारतीबद्दल लिहायचं आणि पायाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्यामुळे सगळे जण आजूबाजूने फिरतात. 'खुर्चीला खिळवून ठेवतो.' 'लॉजिक घरी ठेवून जा.' 'शेवट काहींना पटेल, काहींना नाही.' 'कॅमेरावर्क दाद देण्यासारखं.' कॅमेरावर्कचं कौतुक वाढलं की समजायचं, लिहिणाऱ्याला शेवटाबद्दल काहीतरी जाम बोलायचंय पण तोंड दाबून धरलंय. एकाने लिहिलं होतं की शेवटाने आधीच्या सगळ्या सिनेमाशी गद्दारी केली, दुसऱ्याने लिहिलं की शेवटानेच आधीचा सगळा सिनेमा वाचवला, आणि दोघंही बरोबर असू शकतात असं मला वाटलं, फक्त दोघांनाही 'कशी' ते सांगायची सोय नव्हती. नंतर या सगळ्याचा एक आकडा होतो. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या साइटवरचा टक्का म्हणजे सिनेमा किती चांगला हे नसतंच, किती जणांनी साधारण बरं म्हटलं ते असतं, 60 किंवा त्याच्या वर गेलं की 'फ्रेश', खाली राहिलं की 'रॉटन', म्हणजे सडका. शंभरच्या शंभर जणांनी 'ठीक आहे, बघा एकदा' म्हटलं तरी 100 टक्के येणार. आणि ज्या सिनेमाने अर्ध्यांना वेड लावलं नि अर्ध्यांना चीड आणली तो पन्नासावर लटकून सडका ठरणार. ट्विस्टवाले सिनेमे हे नेमके दुसऱ्या जातीचे असतात.

आणि त्या सगळ्या परीक्षणांमध्ये, स्टार दोन असोत की चार, एक वाक्य फिरून फिरून येत होतं. चाणाक्ष प्रेक्षकाला अंदाज येईलच. जाणकारांना नवल वाटणार नाही. मला तर पहिल्या अर्ध्या तासातच. 'मला कळलंच नाही, मी पार फसलो' असं लिहिणारा एकच भेटला, तोही कुठल्या पेपरचा नव्हता, कमेंटमध्ये लिहिणारा साधा माणूस होता. त्याच्याखाली तिघांनी दात काढून हसणारे इमोजी टाकले होते.

फसण्याचं हे असं का लागतं मनाला? जादूगाराने टोपीतून ससा काढला तर कुणी उठून म्हणत नाही की मला ससा आधीच दिसला होता. म्हणजे, म्हणतात काही जण, पण त्यांना कुणी जाणकार समजत नाही, आगाऊ समजतात. सिनेमात मात्र उलटं. तिथे फसला तो भाबडा.

माझ्या लहानपणी लायब्ररीतून रहस्यकथा आणून वाचायचं वेड होतं, एका बसणीत एक पुस्तक. त्या पुस्तकांना एक वास असायचा, गोंद आणि धूळ आणि दुसऱ्यांच्या हाताचा घाम. आणि त्यात कधीकधी पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं, 'खुनी डॉक्टर आहे.' बस. पुस्तक खलास. या माणसाचा मला भयंकर राग होता, तो कोण असेल, कसा दिसत असेल याचीही चित्रं मी रंगवली होती, तेल लावून चापून भांग पाडलेला वगैरे. तर असंच एक पुस्तक हातात आलं, पहिल्या पानावर 'खुनी पुतण्या आहे', पेन्सिलीने, खाली दोन रेघा. म्हटलं आता आणलंय तर वाचू. आणि वाचताना मजा यायला लागली, कारण मला माहीत होतं ना. पुतण्या आला की मी मनात हसायचो, पुतण्याने पाणी मागितलं तरी त्यात मला कट दिसायचा, तो खिडकीपाशी उभा राहिला की वाटायचं हा बघा, हा बघा कसा साळसूद. शेवटून दुसऱ्या प्रकरणात पुतण्याचाच खून झाला. मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. त्या पेन्सिलवाल्याने मुद्दाम चुकीचं नाव लिहिलं होतं. लेखकापेक्षा जास्त त्याने मला गंडवलं होतं, आणि मी आजतागायत इतका सुखाने कधी गंडलेलो नाही. रबराने ते वाक्य पुसायचं का असा विचार केला आणि नाही पुसलं. उलट ते पुसट झालं होतं म्हणून पेन्सिलीने परत गिरवलं.

हे सगळं कुणाला तेव्हा सांगितलं नाही मात्र. का, तर परत तेच. फसलो होतो ना.

परीक्षक मंडळींचं आणि या प्रकाराचं वाकडं जुनं आहे. 'सायको' 1960 साली आला तेव्हा त्याचा दिग्दर्शक हिचकॉकने परीक्षकांना आधीचा खास शो दाखवलाच नाही. ज्याला लिहायचंय त्याने तिकीटवाल्या पब्लिकमध्ये बसून बघायचा, आणि सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम. आज हे नॉर्मल वाटतं पण तेव्हा लोक अर्ध्यात आत शिरायचे, बसायचे, पुढच्या शोला सुरुवात बघून उठायचे, त्यामुळे हा नियम म्हणजे मोठीच दादागिरी होती. परीक्षक चिडले. स्वाभाविक आहे, वर्षानुवर्षं आरामात मऊ खुर्चीत मोजक्या लोकांत बसून सिनेमा बघणाऱ्याला एकदम किंचाळणाऱ्या गर्दीत नेऊन बसवलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरला तो फारसा रुचला नव्हता, पण वर्ष संपताना त्याच्या सर्वोत्तम दहाच्या यादीत 'सायको' होता. म्हणजे सहा महिन्यांत माणूस बदलला, सिनेमा तर तोच होता. आणि लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये 1928 पासून लिहिणाऱ्या सी. ए. लेजून बाई, त्या तर सिनेमा संपायच्या आधीच उठून गेल्या. मला हे वाचल्यापासून त्या बाईंबद्दल उगाच माया वाटते. म्हणजे बघा, त्या सिनेमाचं सगळं मर्म शेवटात, आणि त्या शेवटापर्यंत बसल्याच नाहीत. पण निदान 'मला आधीच कळलं होतं' असं तर म्हणाल्या नाहीत. नाही आवडलं, उठले, गेले. यात एक सरळपणा आहे जो माझ्या अडीच स्टारमध्ये नव्हता.

सरळपणावरून अमेरिकन सिनेपरीक्षक रॉजर इबर्ट आठवतो. 1995 च्या 'द युज्वल सस्पेक्ट्स'ला त्याने चारपैकी दीड स्टार दिला होता. या सिनेमाला पुढच्या वर्षी पटकथेचं ऑस्कर मिळालं, सहाय्यक अभिनेत्याचंही मिळालं, आणि जगात कुठेही ट्विस्टचा विषय निघाला की पाच मिनिटांत त्याचं नाव निघतंच. पूर्वी मी हे उदाहरण मोठ्यामोठ्यांच्याही कशा चुका होतात यासाठी सांगायचो, जरा छाती फुगवून. या खेपेला त्याचं ते परीक्षण नीट वाचलं तर वेगळंच दिसलं. त्याने सिनेमा दोनदा बघितला होता. दुसऱ्यांदा नोट्स काढत, कोण कुणाचा कोण ते लिहीत बसला, तरी धागा सुटलाच, आणि हे त्याने स्वतःच लिहून टाकलंय, की मला नीट समजलं नाही आणि जेवढं समजलं त्याची मला फिकीर वाटत नाही, अशा अर्थाचं. किती हिंमत लागत असेल हे छापायला. लाखो लोक तुम्हाला सिनेमातला शहाणा समजतात आणि तुम्ही लिहिता, नाही बुवा कळला. मला तो सिनेमा आवडतो, इबर्टशी माझं अजिबात पटत नाही, पण दीड स्टार प्रामाणिक आहे. आणि त्याच्या तक्रारीत तथ्यही आहे थोडं, शेवटच्या एका क्षणाने मागचं सगळं पुसून टाकायचं असेल तर मागच्यात मी जीव का गुंतवला, हा प्रश्न रास्त आहे. हल्लीच्या ट्विस्टवर ट्विस्ट, त्यावर परत ट्विस्ट सिनेमांत तर तिसऱ्या वेळेला मी दचकायचंच सोडून देतो. कुणीही काहीही निघू शकतो म्हटल्यावर कोण काय निघालं याला काय अर्थ राहिला. एडमंड विल्सन नावाच्या समीक्षकाने 1945 मध्येच अख्खा लेख लिहून रहस्यकथावाल्यांना विचारलं होतं, रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला आहे? लोक भडकले होते त्याच्यावर.

तो अ‍ॅक्रॉइड म्हणजे अगाथा ख्रिस्तीचा, 1926 चा. त्या पुस्तकात बाईंनी नेमकं काय केलंय ते इथे लिहिणार नाही, शंभर वर्षं झाली म्हणून काय झालं, कुणीतरी आज पहिल्यांदा उघडत असेल. पण तेव्हा बरीच आरडाओरड झाली की ही चीटिंग आहे, वाचकाला असं फसवायचं नसतं. रहस्यकथा लिहिणाऱ्याच डोरोथी सेयर्सने बाजू घेतली, तिचं म्हणणं साधारण असं की प्रत्येकावर संशय घेणं हे वाचकाचं काम आहे, ते त्याने केलं नाही तर दोष कुणाचा. पुढे 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबाबांनी रहस्यकथेचे दहा नियमच लिहून काढले. पण गोम अशी की चिडलेल्या वाचकांनी पुस्तक परत पहिल्यापासून उघडलं तर सगळं तिथेच, डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं. एक वाक्य खोटं नाही. नुसतं वाक्य कुठे थांबवलंय ते बघायचं राहून गेलं होतं.

माझ्या मते ट्विस्ट चांगला की वाईट याची हीच एक कसोटी, दुसरी कुठली मला सापडलेली नाही. मागे जाऊन बघितलं तर ते तिथे होतं का? की ऐनवेळी 'खरं तर त्या रात्री असं झालं होतं' म्हणून एक फ्लॅशबॅक खिशातून काढला, जो आम्हाला कुणी दाखवलाच नव्हता? हिचकॉकसुद्धा यात एकदा फसला होता. 1950 च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये सुरुवातीचा फ्लॅशबॅकच खोटा आहे, माणूस थाप मारतोय आणि कॅमेरा ती थाप खरी असल्यासारखी दाखवतो. प्रेक्षकांना ते झेपलं नाही, परीक्षक वैतागले, आणि नंतर फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हिचकॉकनेही कबूल केलं की हे करायला नको होतं. माणूस खोटं बोलला तर चालतं, कॅमेरा बोललेला चालत नाही. पण मग त्याच साली जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'राशोमोन' आला, त्यात तर चार जण एकच घटना चार तऱ्हेने सांगतात आणि कॅमेरा प्रत्येकाचं म्हणणं निमूटपणे दाखवतो, त्याला मात्र पुढच्या वर्षी व्हेनिसचं सर्वोच्च बक्षीस. मी यावर बराच विचार केला. फरक एवढाच वाटतो की 'राशोमोन' पहिल्यापासून कबूल करतो की बाबांनो, माणसं स्वतःबद्दल खरं बोलत नाहीत. तिथे आपण फसत नाही, तिथे आपण साक्षीदार असतो. पण साक्षीदाराला 'आँ' कुठून येणार, हाही प्रश्नच आहे म्हणा.

दरम्यान घरी एक नवीनच सुरू झालं होतं. भाचा सुट्टीत आला की सिनेमा असतोच, आणि आता प्रत्येक सिनेमा संपला की हा हाताची घडी घालून, मान जराशी तिरकी करून म्हणायचा, "मला तर आधीच कळलं होतं." कार्टून सिनेमा बघून म्हणाला. माशांवरची डॉक्युमेंटरी बघून म्हणाला, तिच्यात कळण्यासारखं काय होतं देव जाणे. बहीण त्याच्याकडे बघून गालात हसायची आणि मला आतून कसंतरीच व्हायचं. वाटायचं हा रोग माझ्याकडून लागला पोराला. एक चांगला, तोंड उघडं टाकून सिनेमा बघणारा मुलगा होता आणि मी त्याला परीक्षक करून ठेवला. एकदोनदा वाटलं सांगून टाकावं, पण चार महिन्यांपूर्वीच्या एका वाक्याबद्दल कबुलीजबाब द्यायला बसणं पण हास्यास्पद वाटायचं, म्हणून राहिलं.

शेवट माहीत असला तर खरंच काही बिघडतं का, हाही वाद आहेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोघांनी 2011 मध्ये लोकांना बारा लघुकथा वाचायला देऊन बघितल्या होत्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता, आणि आधी सांगितलेल्यांना कथा जास्त आवडल्या असं निघालं. पुढे इतरांच्या प्रयोगांत उलटंही निघालं. मला यात नवल वाटत नाही, दोन्ही खरं आहे, माझ्या पेन्सिलवाल्याला विचारा. हिचकॉकचं ते टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्धच आहे, बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांची धाकधूक. 'व्हर्टिगो'मध्ये त्याने हेच केलं, मूळ कादंबरीत जे शेवटाला उघड होतं ते त्याने सिनेमा बराच शिल्लक असताना सांगून टाकलं. 1958 मध्ये परीक्षकांचा प्रतिसाद संमिश्रच होता. आणि 2012 मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या जगभरच्या समीक्षकांच्या मतदानात तो पहिला आला, पन्नास वर्षं तिथे बसलेल्या 'सिटिझन केन'ला खाली ढकलून. आता त्या मतदानातल्या किती जणांना शेवट माहीत नव्हता? असा एकही नसणार. सगळे जण सगळं माहीत असून परत परत बघत होते. आपल्याकडे 'दृश्यम' घ्या, दर 2 ऑक्टोबरला सत्संगाचे आणि पावभाजीचे तेच जोक फिरतात, न बघितलेल्यालाही आता सगळं पाठ आहे, तरी कुठे लागलेला दिसला की माणूस रिमोट खाली ठेवतोच. उलट फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोच्या 1955 च्या 'ले दियाबोलिक'च्या शेवटी पाटी येते, की मित्रांना शेवट सांगून त्यांची मजा घालवू नका. म्हणजे जग शेवट सांगणाऱ्यांनी भरलेलंय हे तेव्हाही माहीत होतं. 'व्हर्टिगो'ची आणि या सिनेमाची मूळ कादंबरी एकाच लेखकजोडीची आहे, बोआलो-नार्सझाक, आणि एका सिनेमाने गुपित शेवटपर्यंत मुठीत धरलं, दुसऱ्याने ती मूठ मध्येच उघडून दाखवली. दोन्ही टिकले.

तर गेल्या आठवड्यात तो आमचा सिनेमा ऑनलाइन आला. भाचा होताच, म्हणाला परत बघू. लाईट बंद केले, तो खाली गादीवर, मी खुर्चीत. दुसऱ्यांदा बघताना तो सिनेमा मला भयंकर आवडला, हे आधी सांगतो. पहिल्या वेळी मी खुनी शोधत होतो त्यामुळे माणसं बघितलीच नव्हती. या वेळी त्या माणसावरून नजर हलेना. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी तो एक श्वास घेतो, अगदी बारीक, आणि फक्त एकाच नावाच्या आधी घेत नाही. पहिल्या दहा मिनिटांत तो इन्स्पेक्टरला बसायला खुर्ची देतो तेव्हा नेमकी कुठली खुर्ची डगमगते ते त्याला माहीत असतं, हाताने बाजूला करतो. ज्या घरात तो पहिल्यांदा आलाय म्हणतोय त्या घरात. मी सरळ उठून बसलो. कुठल्या परीक्षणात नव्हतं हे, असणारही कसं, पहिल्या दिवशी पहिला शो बघून रात्री बाराच्या आत मजकूर द्यायचा असतो त्यांना, आणि दिसलं तरी लिहायची बंदी. मी म्हणालो, "अरे, ही खुर्ची बघ! इथेच सगळं सांगून टाकलंय की!" भाचा म्हणाला, "हं," आणि मान न वळवता बघत राहिला.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. इन्स्पेक्टरने ड्रॉवर उघडला. भाच्याने पॉज केलं.

"मामा, हातमोजे."

"हो, तेच ते."

"एक तास एकेचाळीस मिनिटं." तो स्क्रीनच्या खालच्या आकड्यांकडे बोट दाखवून म्हणाला. "तू म्हणाला होतास अर्ध्यात. यानंतर सहा मिनिटांत दार उघडतं."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. काय म्हणणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

"आणि तो 'आँ' पण तुझाच होता," तो म्हणाला. "मागचे लोक हसले, आठवतंय? मी तुझ्याकडे बघितलं तर तू असा सिनेमा बघत होतास, जसं काही झालंच नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू इतकं सिरीयसली सांगितलंस हातमोज्यांचं. मग मला वाटलं जाऊ दे." थोडं थांबून म्हणाला, "मग गाडीत मला हसू आवरत नव्हतं."

म्हणजे तो गप्प होता तो रस्ताभर त्याच्यामुळे. आणि ते हाताची घडी, तिरकी मान, मासे? मी विचारलं. तर त्याने रिमोट खाली ठेवला, उठून उभा राहिला, हाताची घडी घातली, मान तिरकी केली, आणि त्या अंधारात टीव्हीच्या निळ्या उजेडात मला पहिल्यांदा दिसलं की तो कोण आहे. तो मी होतो. हुबेहूब. "आईला तर पहिल्याच दिवशी ओळखू आलं," तो म्हणाला, "आजीला दोन दिवस लागले."

मग त्याने परत प्ले केलं. सहा मिनिटांनी दार उघडलं, बिजागरी वाजली, आणि इतकं सगळं माहीत असूनही माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते राहिलेच.

दुसऱ्या दिवशी ती अडीच स्टारवाली ओळ काढून टाकायला गेलो तर अकराचे तेरा लाईक झाले होते. आणि वरचा पहिला परिच्छेद हवा तर परत जाऊन वाचा. त्यात मी एकही वाक्य खोटं लिहिलेलं नाहीये.